अठ्ठेचाळीस तास

सकाळी सव्वासातला छोटा हत्ती गल्लीत वळतो.
हॉर्न नाही, जारांचाच खडखडाट.
रिकामे पुढे, भरलेले मागे,
मध्ये पाय खुपसून बसलेला भटू.
खांद्यावर वीस लिटर घेऊन पायऱ्या चढतो,
"काका, ठंडगार शे."

जारावर नाव नाही. एकेकाळी असावं.
कागदाचा चौकोन उरलाय, त्यात "शु" वाचता येतं,
पुढचं घासलं गेलंय.
झाकण अंगठ्याने दाबलं की बसतं,
अंगठ्याने ढकललं की निघतं.

फॅक्टरीवर जाऊन आलो होतो मी.
फॅक्टरी म्हणजे जिनिंगमागचं पत्र्याचं शेड,
एक बोअर, दोन टाक्या, गार करायचं यंत्र.
मालकाने पेनासारखं मीटर पाण्यात बुडवलं,
"बघा सर, बासष्ट. बासष्ट म्हणजे अमृत."
सदतीस वर्षं हायस्कूलच्या प्रयोगशाळेत परिचर होतो,
सर मला कोणी म्हणालं नव्हतं.
म्हणून असेल, तेव्हा बोललो नाही
की हे क्षार मोजतं फक्त.
जे वळवळतं, वाढतं, आतड्यात बिऱ्हाड करतं
ते याला दिसत नाही.

कोकिळा म्हणते, नळ येतो अकराव्या दिवशी,
पहिली दहा मिनिटं चहासारखा.
मग प्यायचं काय, तुमचं ज्ञान?
समोरच्या लग्नात साठ जार रिचवले,
कोणी आजारी पडलं?
पडले होते. नवरदेवाचा मामा, आणखी चौघं.
आळ भरताच्या वांग्यांवर गेला.

शेवटी काढली ती बाटली,
पंचायत समितीच्या शिबिरातून उरलेली,
तळाशी तपकिरी पूड, मुदतीला दोन महिने बाकी.
हात साबणाने धुतले. खुणेपर्यंत पाणी.
चिठ्ठीवर तारीख, वेळ, माझी सही
(सही कशाला केली कोण जाणे).
हिला ऊब लागते. मे महिन्यात पारोळ्यात
त्यासाठी यंत्र नको,
चादरींचं कपाट पुरतं.
काळं झालं तर वाईट.

तोवर घरातलं पिणं काही थांबत नाही.
नात आली, तिने वाकून तोटीलाच तोंड लावलं.
सिलिंडरवाला दोन ग्लास प्यायला, तिसरा डोक्यावर ओतला.
मीही प्यायलो. पंचेचाळीस अंश बाहेर,
माठसुद्धा हरलेला.
ते गार घशातून उतरताना
कपाटातली बाटली आठवली,
पण घोट गिळून झाल्यावर.

दुसऱ्या सकाळी भटूने रिकामा जार उचलला,
तळाचं ओंजळभर पाणी गरगर फिरवलं,
तुळशीत ओतलं. झालं धुणं.
मी विचारलं, तू पितोस का रे हे?
"मी नही पेस काका. दात ठणकतस.
आमनाकडे हातपंप शे, माय उकळी देस."
आणि हसला, जणू त्याच्याच घरचं काही उणं सांगितलं.

तिसऱ्या सकाळी
चादरी बाजूला केल्या.
खिडकीपाशी न्यायची गरजच नव्हती.

कोकिळा काही बोलली नाही.
माळ्यावरून कुरडयांचा चीक शिजवायचं पातेलं काढलं,
घरातलं सगळ्यात मोठं,
आणि जार त्यात रिता करत राहिली.
गॅस मोठा केला. खोली आणखी तापली.

खाली खडखडाट.
भटू चढून आला, तशी बाटली त्याच्या हातात दिली.
त्याने उजेडात धरली, हलवली, वासही घेऊन पाहिला बंद झाकणाचा.
"हाई काळं कसं व्हयनं?"
मी जाराकडे बोट केलं.
तो आधी जाराकडे पाहत राहिला,
मग झाकणाकडे,
मग बराच वेळ
स्वतःच्या अंगठ्याकडे.

बनियनला अंगठा पुसून म्हणाला,
"आज किती ठेवू?"

मी म्हटलं, एक.